दाणा धरेपर्यंत

संक्रांतीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. भाचीच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण होतं आणि कुणी विचारलेलं नसताना ‘हलवा मी घरी करते’ असं मी फोनवर सांगून बसले होते. बाजारात पुड्या मिळतात, दागिनेसुद्धा तयार मिळतात, हे सगळं ठाऊक असून. आई करायची, म्हणून मलाही जमलं पाहिजे, एवढाच त्यामागचा हट्ट. साखरेचा पाक केला, चमचाभर दूध घालून मळी काढली, फडक्यानं गाळून घेतला. जाड परातीत मूठभर तीळ घेतले, गॅस अगदी बारीक ठेवला आणि चमचा चमचा पाक घालत बोटांनी हलवत बसले. एक तास, दीड तास, दोन. तीळ चकचकीत झाले, एकमेकांना चिकटले, बोटांना चिकटले, चुकून कपाळाला हात लावला तर तिथंही चिकटले. काटा म्हणून एक फुटला नाही. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात अण्णा येऊन उभे राहिले. आमचे वडील. वय ७८. साधं पाणी हवं असलं तरी हा माणूस कधी ओट्यापर्यंत आलेला मी पाहिलेला नाही. ते आले, बाजूला ठेवलेल्या पाकाच्या पातेल्यात त्यांनी अंगठा आणि तर्जनी बुडवली, सावकाश तार ओढली, ट्यूबलाइटच्या उजेडात धरून बघितली, मग दोन्ही बोटं एकमेकांवर चोळली आणि म्हणाले, “लिंबू पिळलंस काय गं यात?”

पिळलं होतं. चांगलं अर्धं. गुलाबजामच्या पाकात पिळते तसं, हाताच्या सवयीनं.

“मग याला दाणा धरायचा नाही,” एवढं बोलून ते बातम्या बघायला निघून गेले. मी चिकट बोटांनी तशीच बसून राहिले. हलवा बिघडल्याचं वाईट वाटलंच, पण खरं टोचलं ते दुसरंच. तार बघून लिंबू कळतं? आणि ‘दाणा धरणं’ हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

अण्णा साखर कारखान्यात पॅनमन होते. आमच्या भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, पण पुण्यात ‘पॅनमन’ म्हटलं की समोरचा पॅनकार्डाकडे वळतो. गव्हाणीत ऊस पडतो, रस निघतो, चुना आणि गंधकाच्या धुरानं तो स्वच्छ होतो, आटून सिरप होतं, इथवर सगळं अवजड यंत्रांचं काम. त्यानंतर ते सिरप एका मोठ्या बंद भांड्यात घेतात, आतली हवा खेचून काढतात म्हणजे ते पासष्ट-सत्तर अंशांवरच उकळतं, आणि मग तिथं एक माणूस उभा असतो. त्यानं ठरवायचं असतं की आता या काळपट रसातून साखर बाहेर यायला हवी. त्या भांड्याला पॅन म्हणतात, त्या माणसाला पॅनमन. लहानपणी डबा घेऊन मी पॅनच्या मजल्यावर जायचे. लोखंडी जिन्यानं वर चढतानाच चेहऱ्यावर वाफ यायची. वास असा की पहिल्या श्वासाला गोड वाटावा आणि दहाव्या श्वासाला मळमळावं. आवाज इतका की डब्यात काय आहे हे मी खुणेनं सांगायची. अण्णांचा डावा कान तिथंच गेला.

पॅनला एक काचेचं भोक असायचं आणि शेजारी एक पितळी दांडी, प्रूफ स्टिक. ती आत सारायची, फिरवायची, बाहेर ओढायची, की तिच्या खाचेत चमचाभर ऐवज यायचा. अण्णा तो काचेच्या पट्टीवर पसरून बल्बसमोर धरायचे. एकदा मलाही दाखवला. सुरुवातीला नुसता मधासारखा थर. पाच मिनिटांनी पुन्हा, तसाच. पुन्हा, तसाच. माझं लक्ष जिन्यावरच्या मांजराकडे गेलं, आणि मी परत बघितलं तर त्या थरात बारीक चांदण्या उठलेल्या. अण्णा माझ्या कानाशी ओरडले, “दाणा धरला!” मला आजही आठवतो तो मांजराचा राग. ज्या क्षणी काही नव्हतं आणि ज्या क्षणी होतं, त्या दोन्हींच्या मधलं मला बघायचं होतं.

अण्णांनी नोकरी धरली तेव्हाचे जुने पॅनमन म्हणे नुसते वाट बघायचे. सिरप आटवत न्यायचं, अंगठा-तर्जनीत तार ओढून बघायची, आणखी आटवायचं, आणि दाणा आपोआप उठेपर्यंत थांबायचं. दुसरे जरा अधीर. ते ऐन वेळी आतलं तापमान झटकन पाडायचे किंवा पिठीसाखरेची चिमूट आत सोडायचे, त्या धक्क्यानं दाणे उठायचे. किती उठतील हे मात्र कुणाच्या हातात नसायचं. अण्णांच्या काळात तिसरी रीत आली. साखर स्पिरिटमध्ये तासन्‌तास दळून तिची दुधासारखी स्लरी करायची, आणि नेमक्या वेळी पॅनच्या छोट्या कॉकला बाटली लावायची. आत निर्वात असल्यानं ती सुर्र करून खेचली जाते. कित्येक टन सिरपला एक बाटली. बाटलीत जितके कण तितकेच दाणे पॅनमध्ये वाढवायचे, एकही जास्त नको. जास्त उठले तर त्याला ‘खोटा दाणा’ म्हणत. तो बारीक चुरा मोठ्या दाण्यांच्या मध्ये अडकतो, मळी, म्हणजे दाण्यांभोवतीचा उरलेला काळा चिकट रस, सुटू देत नाही. मग पाणी मारून, ऊब वाढवून तो विरघळवायचा, म्हणजे दोन तासांची मेहनत पाण्यात, अक्षरशः. अण्णा घरी आले आणि न बोलता जेवले, तर आई हळूच म्हणायची, “आज खोटा उठला वाटतं.”

मी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं ते नंतर. तिथं हेच सगळं वहीत उतरवून घेतलं. संपृक्त द्रावण, अतिसंपृक्त द्रावण. खोलीच्या तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे दोनशे ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात त्याच्या दुपटीहून जास्त. गरम असताना भरपूर विरघळवून निवू दिलं की पाण्यात त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त साखर राहते. आता ती बाहेर यायला हवी. पण येत नाही. तासन्‌तास, कधी दिवसन्‌दिवस येत नाही. ओस्टवाल्ड नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ मध्ये या अवस्थेचे दोन भाग पाडले. एका भागात दाणा आपणहून उठत नाही, पण बाहेरून टाकलेला वाढतो. त्याला त्यानं मेटास्टेबल म्हटलं. त्यापलीकडचा लॅबाइल, जिथं दाणे वाटेल तसे उठतात. परीक्षेसाठी हा आलेख पाठ करताना मला अजिबात कळलं नव्हतं की हे अण्णांच्या ड्यूटीचं वर्णन आहे. सुट्टीत घरी गेले तेव्हा मोठ्या तोऱ्यात त्यांना आलेख काढून दाखवला. त्यांनी तो चष्मा लावून नीट बघितला आणि मधल्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाले, “आमचं सगळं काम हितं चालतं. हितनं वर गेलं की शिव्या.”

आता दाणा आपणहून का उठत नाही, हे समजायला मला पुस्तकापेक्षा लग्नाची पंगत जास्त उपयोगी पडली. पानं मांडलेली असतात, भूक सगळ्यांना असते, वाढपी ताटकळलेले असतात, आणि तरी बसत कुणी नाही. एखादा बसतो, इकडेतिकडे बघतो, आपण एकटेच आहोत हे लक्षात आल्यावर ‘हात धुऊन येतो’ म्हणून उठतो. दोघं बसतात, एकाला कुणीतरी हाक मारतं, दोघंही उठतात. मग कधीतरी सहा-सात जण एकदम टेकतात आणि त्यानंतर बघता बघता ओळ भरते. द्रावणातही असंच चालू असतं. साखरेचे रेणू सारखे एकत्र येतात आणि सुटतात. छोट्या घोळक्यातले जवळजवळ सगळे रेणू काठावरच असतात, एका बाजूनं धरलेले आणि दुसऱ्या बाजूनं उघडे, आणि त्या काठाची किंमत मोजावी लागते. ही किंमत त्रिज्येच्या वर्गानं वाढते, आत नीट रचून बसल्याचा फायदा घनानं. म्हणून एका ठरावीक आकारापर्यंत वाढणं तोट्याचं आणि त्यापुढं न वाढणं तोट्याचं. पण तिथवर जेमतेम एखादा घोळका पोचतो. जे असंख्य घोळके पोचत नाहीत ते कुणाला दिसतही नाहीत. शांत दिसणाऱ्या पातेल्यात एवढे मोडलेले डाव असतात, हे कळल्यापासून मला निवत ठेवलेल्या पाकाकडे बघताना जरा वेगळंच वाटतं.

आणि म्हणून तीळ. तिळाच्या अंगावर साखरेला अर्धी बसकण आयती मिळते, काठाचा खर्च वाचतो. पातेल्याला पडलेला ओरखडा, पाकात पडलेला कचरा, कडेला सुकलेला थेंब, काहीही चालतं. आई पाक करताना ओल्या फडक्यानं पातेल्याच्या कडा पुसत राहायची, नाहीतर कडेची साखर आत पडून सगळ्या पाकाची साखर होते. उलट नारळाच्या वड्यांना हेच हवं असतं. कडेनं पांढरं दिसायला लागलं की उतरव आणि घोट घोट घोट. ‘घोटल्याशिवाय वडी पडत नाही’ हे तिचं वाक्य. घोटणं म्हणजे दाणा उठवणं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला सांगायची गरजही नव्हती.

हलव्याचं तिचं तंत्र मात्र घोटण्याच्या अगदी उलटं. डिसेंबरच्या शेवटी, हवा कोरडी आणि बोचरी झाली की ती मागच्या पडवीत शेगडी मांडायची. निखाऱ्यावर राख पसरलेली, वर पितळी परात. तीळ, खसखस, कधी साबुदाणा, कधी कलिंगडाच्या बियांचा मगज. एक पळी पाक. बोटांच्या टोकांनी गोल गोल हलवायचं, सुकू द्यायचं. मग पुढची पळी. घाई केली की गुळगुळीत होतो, आभाळ आलं की काटा बसत नाही. तीन-तीन चार-चार दिवस चालायचं हे, रोज थोडं थोडं. तिच्या बोटांची टोकं लाल व्हायची आणि संध्याकाळी भाकरी थापताना ती स्स करायची. गल्लीतल्या तीन-चार नव्या सुनांचा हलवा तिच्याकडे असायचा. आणि हेच दिवस कारखान्याच्या गळिताच्या ऐन भराचे. म्हणजे आमच्या घरातली दोन माणसं जानेवारीत दिवसरात्र एकच काम करायची. एक मैलभर लांब, टनावारी. एक पडवीत, वाटीवारी. दोघंही बोटात तार ओढून बघायची. दोघंही थांबायची. आणि माझ्या आठवणीत तरी या विषयावर त्यांच्यात एका शब्दाचं बोलणं झालेलं नाही. अण्णा रात्रपाळीहून येऊन झोपलेले असायचे, आणि आम्हाला परातीचा आवाज करू नका म्हणून दटावलं जायचं.

लिंबाची भानगड अशी. आंबट घालून पाक उकळला की साखरेचा रेणू फुटतो आणि त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. वेगळ्या आकाराचे हे पाहुणे रांगेत घुसतात आणि साखरेच्या रेणूंना नीट रचून बसू देत नाहीत. गुलाबजामला तेच पाहिजे असतं, पाक ओलसर राहावा, साखर होऊ नये. हलव्याला अर्धं लिंबू म्हणजे घात. कारखान्यात हेच काम शिळा ऊस करतो. तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडला की आतल्या आत साखर फुटायला लागते, साखरेचा उतारा पडतो. गेटबाहेर बैलगाड्यांची रांग लांबली की अण्णा अस्वस्थ व्हायचे. शेवटच्या मळीत तर वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा साखर असते, आणि काही केलं तरी ती बाहेर येत नाही. मला लहानपणी याचं फार वाईट वाटायचं. आहे, आणि येत नाही.

लिंबाशी अण्णांचं स्वतःचंही एक प्रकरण आहे. सात वर्षांपूर्वी पहाटे तीनला त्यांच्या कमरेतून कळ उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना वेदनेनं ओरडताना ऐकलं. मुतखडा. डाव्या बाजूला, आठ मिलिमीटर. डॉक्टर तरुण होते, बोलके होते. म्हणाले, लघवीत, हा खडा ज्याचा बनतो ते कॅल्शियम ऑक्झलेट बहुतेक सगळ्यांच्याच अतिसंपृक्त असतं, तुमच्याआमच्याही, पण खडा सगळ्यांना होत नाही. कारण शरीर तो दाणा धरू न देण्याच्या खटपटीत असतं. त्यातला एक खटपट्या म्हणजे सायट्रेट, लिंबातून मिळतं ते. कॅल्शियमला पकडून ठेवतं, वाढणाऱ्या खड्याच्या अंगावर बसून त्याला अडवतं. म्हणून भरपूर पाणी, आणि रोज लिंबू. आणि खडा कुठं धरतो? तर बऱ्याचदा मूत्रपिंडाच्या आतल्या टोकांवर आधीच साचलेल्या कॅल्शियम फॉस्फेटच्या पुटावर. रँडल नावाच्या डॉक्टरनं १९३७ मध्ये ही पुटं दाखवून दिली. म्हणजे इथंही तीळ लागतोच. मी घरी येऊन हिशेब घातला. वर्षानुवर्षं पॅनच्या मजल्यावरचा उकाडा, आठ तास घाम, आणि पाण्याऐवजी चहा. साखरेचा दाणा काढता काढता हा माणूस स्वतःतही एक वाढवत होता. काढलेला खडा डॉक्टरांनी छोट्या बाटलीत घालून दिला होता. अण्णांनी भिंगातून बघितला. बारीक, पिवळसर, अंगभर काटे. बराच वेळ बघून म्हणाले, “तुझ्या आईच्या हलव्यासारखा आलाय.” आई तेव्हा होती. ती इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं.

दाण्याची एकदा ओळख पटली की तो पिच्छा सोडत नाही, याची एक गोष्ट मी औषधांच्या संदर्भात वाचली होती. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध १९९६ मध्ये बाजारात आलं, आणि १९९८ मध्ये त्याच्या कॅप्सूलमध्ये अचानक वेगळ्याच रचनेचे स्फटिक दिसायला लागले. रेणू तोच, रांगोळी वेगळी, आणि ही नवी रांगोळी जास्त पक्की, म्हणून विरघळेना. विरघळेना म्हणजे पोटातून रक्तात जाईना. ज्या प्रयोगशाळेत हे नवं रूप एकदा आलं तिथं जुनं रूप करणं अवघड होऊन बसलं. डोळ्यांना न दिसणारा एखादा कण हवेत, कपड्यांवर असला तरी पुरायचा. कॅप्सूल बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. “खोटा दाणा,” ते म्हणाले. “एकदा उठला की धुऊन काढल्याशिवाय गत्यंतर नाही.”

तर, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं या आधारावर मी भाचीकडून चार दिवस मागून घेतले आणि पुन्हा परात मांडली. या वेळी लिंबू फ्रीजमध्येच. सकाळची वेळ, बाहेर कोरडी थंडी, खिडकी उघडी. अण्णांना म्हटलं, बसा इथं. ते प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले, हात मांडीवर, ड्यूटीवर बसावं तसे. पहिला तासभर काही नाही. तीळ पांढुरके झाले, कोरडे झाले, सुटे राहिले, एवढीच प्रगती. मी ठरवलं होतं की या वेळी नजर हलवायची नाही. मग दारावर दूधवाला आला, सुट्टे पैसे शोधण्यात दोन मिनिटं गेली, आणि परत आले तर परातीतल्या चार-पाच तिळांच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे उंचवटे.

“तुम्ही बघितलंत?” मी विचारलं.

“काय?”

“काटा फुटताना.”

“मी पेपर बघत होतो.”

मग मी शेवटी विचारलंच, की त्या दिवशी नुसत्या तारेवरून लिंबू कसं ओळखलंत. मनात मी त्याची सगळी उपपत्ती जुळवून ठेवली होती: तार जास्त लांब गेली असेल, बोटांवर सुकताना पांढरी झाली नसेल, इतक्या वर्षांचा हात, वगैरे. एकदोघांना ही गोष्ट मी रंगवून सांगितलीही होती.

“साल पडलेली की ओट्यावर,” अण्णा म्हणाले.

“मग तार कशाला बघितलीत?”

त्यांनी खांदे उडवले. बोटं मात्र तोवर पातेल्यात गेली होती. अंगठा आणि तर्जनी, सावकाश, इंचभर, दीड इंच. तार तुटली. त्यांनी बोटं चोळली, थांबले, पुन्हा चोळली. कातडीच्या रेघांमध्ये पांढरी भुकटी दिसायला लागली. ती त्यांनी जिभेला लावली नाही, पुसलीही नाही, नुसती बघत राहिले. मग परातीकडे मान करून विचारलं, “दोन पळ्यांच्या मधी तुझी आई किती थांबायची गं?”

मला सांगता येईना. मी त्या पडवीत डझनभर संक्रांती बसले होते, आणि माझं लक्ष नेहमी खाली सांडलेल्या साखरेकडे. अंदाजानं म्हटलं, असतील पाचेक मिनिटं. अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि चमच्यासाठी हात पुढं केला.